सरहद्दीवरची रोकड आणि नागरिकाचा शब्द

(संगमनेर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर सार्वजनिक संस्थांचे हिशेब तपासून दिले आणि त्याचा एक पैसा घेतला नाही. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात पैशाबद्दल बोलावं, आणि उघडपणे बोलावं, असं मी ठरवलं. देशाची हद्द ओलांडताना जवळची रोकड जाहीर करण्याचे नियम, असा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांना नवल वाटलं. संगमनेरला ना बंदर, ना सरहद्द. प्रवरेच्या काठावर हा विषय कशाला?

मी उलट विचारतो. या सभागृहात असं एक तरी घर आहे का, ज्याचं कुणी ना कुणी न्यू जर्सीत, दुबईत, मेलबर्नला किंवा म्युनिकला नाही? लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला राहून आलेल्या आज्या पहिल्या काही रांगांतच सापडतील. हज आणि उमराहला जाऊन आलेली कुटुंबं आहेत. ठिबकावरची शेती पाहायला इस्राएलला गेलेले शेतकरी आहेत. आणि पशुपतिनाथाच्या यात्रेला बसने निघणारे तर गावोगावी आहेत. नेपाळ हा परदेश आहे, हे त्यांतल्या कितीजणांना सोनौलीच्या नाक्यावर पोहोचेपर्यंत आठवतं?

दुसरं म्हणजे, परदेशी निघालेल्या माणसाजवळ दोन सरकारी कागद असतात, पासपोर्ट आणि नोट. हे दोन्ही कागद आपल्या शेजारी, नाशिकरोडला छापले जातात. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ सालची, नोटांचा छापखाना १९२८ सालचा. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून बोटीने यायच्या. म्हणजे या विषयाचं सगळं सामान संगमनेरहून गाडीने दीड-दोन तासांवर तयार होतं. आपल्याला तो लांबचा वाटतो एवढंच.

मी मुंबईत सीमाशुल्काच्या प्रकरणांची वकिली करतो. माझ्याकडे येणारा अशील कसा असतो, असं तुम्हाला वाटतं? सिनेमातला तस्कर? तो क्वचित. बहुतेक वेळा समोर बसलेला असतो एक निवृत्त शिक्षक, एखादा डॉक्टर, दुबईत वीस वर्षं वायरिंगची कामं केलेला कारागीर. पैसा त्याच्या घामाचा असतो. त्याने तो कुणाचा लुबाडलेला नसतो. त्याने फक्त सांगितलेलं नसतं. त्या न सांगण्यापायी त्याच्या पिशवीचा पंचनामा झालेला असतो, पैसे जप्त झालेले असतात, आणि डोळ्यांत एकच प्रश्न असतो: वकीलसाहेब, माझेच पैसे, मग मी गुन्हेगार कसा?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आज उभा आहे.

पहिला मुद्दा साधा आहे, आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. रोकडीच्या नियमांत दोन निरनिराळ्या रेघा असतात. एक रेघ मनाईची: याच्या पुढे नेऊच नका. दुसरी रेघ सांगण्याची: याच्या पुढे असेल तर आम्हाला सांगा. आपण या दोन्हींची गल्लत करतो. ‘अमेरिकेत दहा हजार डॉलरच नेता येतात’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. ते चूक आहे. अमेरिकेच्या कायद्यात रोकड नेण्या-आणण्याला वरची मर्यादा नाही. दहा हजार डॉलरहून जास्त असेल तर फॉर्म भरून सांगावं लागतं, बस. येतानाही सांगायचं आणि जातानाही. जातानाचं पुष्कळांना ठाऊक नसतं. एका कुटुंबाने एकत्र जाहीरपत्र दिलं तर सगळ्यांची मिळून बेरीज धरतात, म्हणून थोडे आजोबांच्या कोटात, थोडे आजीच्या पर्समध्ये अशी वाटणी करून काही साधत नाही. उलट ती वाटणी पाहिली की अधिकाऱ्याचा संशय वाढतो.

आता आपल्या देशाचं पाहू. परदेशातून भारतात येताना परकी चलन कितीही आणा, मनाई नाही. मात्र नोटा पाच हजार डॉलरच्या किमतीहून जास्त असतील, किंवा नोटा, प्रवासी धनादेश वगैरे सगळं मिळून दहा हजार डॉलरच्या वर जात असेल, तर विमानतळावर चलन जाहीरपत्र भरायचं. ही सांगण्याची रेघ. मनाईची रेघ वेगळी आहे. नेपाळ-भूतान सोडून, भारतीय नोटा इथल्या रहिवाशाने बाहेर नेताना किंवा परत आणताना पंचवीस हजार रुपयांपर्यंतच. आणि इथून निघताना परकी नोटा बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंतच. बाकीची रक्कम कार्डावर किंवा बँकेमार्फत. काही देशांना आणि हज-उमराहच्या यात्रेकरूंना यात वेगळी सवलत आहे. परत आल्यावर उरलेलं परकी चलन १८० दिवसांच्या आत बँकेला द्यायचं. दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतं. पन्नास हजार रुपये आणि त्यावरचं परकी चलन विकत घेताना रोख मोजायचे नाहीत, चेकने किंवा खात्यातून द्यायचे, आणि त्या व्यवहाराची पावती प्रवास संपेपर्यंत जपायची. ही पावती पासपोर्टाच्या जोडीला ठेवा. माझ्या व्यवसायातली निम्मी भांडणं त्या एका कागदाने मिटली असती.

आकड्यांत अडकू नका. ते बदलतात. युरोपीय संघात दहा हजार युरो, ब्रिटनमध्ये दहा हजार पौंड, सिंगापूरला वीस हजार सिंगापूर डॉलर, संयुक्त अरब अमिरातीत साठ हजार दिरहम. युरोपात २०२१ पासून सोन्याची नाणी आणि लगडीही रोकडीतच मोजतात. आपल्याकडे लेकीला सोन्याची नाणी द्यायची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. निघण्याआधी त्या त्या देशाचा त्या दिवशीचा नियम पाहावा. पण रेघ कोणती आहे, मनाईची की सांगण्याची, हे एकदा मनात स्वच्छ झालं की पुढचं सोपं होतं.

मग इतकं सोपं असताना माणसं सांगत का नाहीत?

हा माझा दुसरा मुद्दा, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. न सांगण्याची सवय आपल्या स्वभावातून आलेली नाही, ती आपल्या इतिहासातून आली आहे.

ही आपली प्रवरा इथे म्हाळुंगीला भेटते आणि पुढे नेवासा तालुक्यात टोक्याजवळ गोदावरीला मिळते. १९४८ पर्यंत गोदावरीच्या पलीकडचा तो काठ, कायगाव, गंगापूर, वैजापूर, हा निजामाचा मुलूख होता. आपल्या नदीचं पाणी ज्या ठिकाणी संपायचं, तिथेच एक सरहद्द होती! पलीकडे नाणं वेगळं. त्यांचा हाली शिक्का, आपला कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. पलीकडे सीमाशुल्काचं खातं वेगळं, त्याचं नाव करोडगिरी. ज्वारी-कापूस घेऊन निघालेल्या बैलगाडीला, लेकीला भेटायला निघालेल्या बापाला करोडगिरीच्या नाक्यावर थांबावं लागे. ज्यांचे सोयरे दोन्ही काठांवर, त्यांना ते नाकं कुणाचं वाटत असेल? आपलं? मुळीच नाही. नाकं म्हणजे अडवणूक, नाकेदार म्हणजे हात पुढे करणारा माणूस, आणि शहाणपण म्हणजे कमरेच्या कशात बांधलेलं न बोलणं. हे शहाणपण आईने मुलाला शिकवलं. त्याला दोष कोण देईल?

याच सरहद्दीवरची एक घटना मला आज सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३० जानेवारी १९४८. दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींची हत्या झाली, तोच दिवस. त्याच दिवशी मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी निजामाच्या स्टेट बँकेची शाखा लुटली. सुमारे वीस लाखांची रोकड. विचार करा, १९४८ सालचे वीस लाख! ती रोकड उचलून हे तरुण सरहद्द ओलांडून उमरखेडच्या छावणीत आले, म्हणजे भारताच्या हद्दीत. त्यांत सधन घरांतले थोडेच. घरी अन्नाची ददात, डोक्यावर निजामाचं वॉरंट. त्या नोटांचा मोह पडायला काय हरकत होती? पण त्या पैशाचा हिशेब लिहिला गेला, तो चळवळीच्या कामी लागला, आणि तो हिशेब पुढे सादरही झाला. मराठवाड्यातली जुनी माणसं उमरीची गोष्ट सांगताना लुटीच्या धाडसाइतकीच त्या हिशेबाची गोष्ट सांगतात, हे तुम्हाला माहीत असेल.

मी ही गोष्ट कशासाठी सांगितली? निजामाच्या नाक्याला त्या तरुणांनी काही सांगितलं नाही आणि सांगायचं कारणही नव्हतं. ते राज्य त्यांचं नव्हतं. पण जे त्यांचं होतं, ज्याच्यासाठी ते मरायला निघाले होते, त्याला त्यांनी सगळं सांगितलं. माझ्या आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. माणूस पैशाबद्दल खरं कुणाला सांगतो? ज्याला तो आपलं मानतो त्याला. नाकं परक्याचं असेल तर लपवणं ही हुशारी ठरते, कधी तर देशभक्तीही ठरते. नाकं आपलं झालं की तेच लपवणं आपल्याच घराविरुद्ध जातं. आपलं नाकं १९४७-४८ साली आपलं झालं. आपली सवय मात्र जुनीच राहिली.

सवय जुनी राहिली, कारण आपल्या राज्यानेही जुनी भाषा सोडली नाही. हे मला तितक्याच स्पष्टपणे म्हटलं पाहिजे.

परकी चलनावरचं नियंत्रण दुसरं महायुद्ध सुरू होताच १९३९ साली इंग्रजांनी आणलं, युद्धाची गरज म्हणून. युद्ध संपलं, इंग्रज गेले, नियंत्रण राहिलं. १९४७ चा परकी चलन नियमन कायदा आला, पुढे त्याच नावाचा १९७३ चा कायदा, म्हणजे फेरा आला. फेरा हा फौजदारी बाण्याचा कायदा होता. आरोपीचा हेतू वाईट होता असं गृहीत धरायचं, आणि नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं! देशाकडे डॉलर नव्हते, हे खरं. पण त्या टंचाईची झळ सामान्य माणसाला कशी लागली? साठ-सत्तरच्या दशकात शिकायला अमेरिकेला गेलेल्या मराठी मुलांच्या आठवणी वाचा. खिशात आठ डॉलर, आणि पुढचं सगळं देवावर. ज्या कायद्याने आठ डॉलरवर मुलाला सातासमुद्रापार धाडलं, त्या कायद्याशी खरं बोलावं असं कुणाला वाटणार होतं? बुटाच्या तळव्यात, पुस्तकाच्या पुठ्ठ्यात, कुणा ओळखीच्याच्या हाती, असे मार्ग लोकांनी शोधले. सज्जनांनी शोधले.

गोव्याकडे पाहा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत बांद्याच्या पुढे पत्रादेवीला परदेश सुरू व्हायचा. कोकणी-मराठी बोलणारा परदेश. पोर्तुगीजांना नमवण्यासाठी आपल्या सरकारने १९५४-५५ पासून गोव्याची आर्थिक कोंडी केली. धोरण म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे. स्वातंत्र्याचा प्रश्न होता. पण मुंबईत धोबीतलावला राहून गावी पैसे पाठवणाऱ्या गोवेकरांवर निर्बंध आले, तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या आया पोर्तुगीज साम्राज्य चालवत नव्हत्या. पैसा वाट काढतोच. सरळ वाट बंद झाली की तो आडवाटेने जातो, आणि आडवाटेवर त्याला संगत मिळते ती सोनं, घड्याळं नि दारू चोरून नेणाऱ्यांची.

आणि नाशिकरोडला छापलेल्या एका विसरलेल्या नोटेचीही आठवण करतो. १९५९ पर्यंत कुवेत, बहारीन, कतार, दुबई या सगळ्या पट्ट्यात आपला रुपया राजरोस चालायचा. आज दुबईला गेलेल्या पोरांना हे सांगून पाहा, विश्वास ठेवणार नाहीत. तिकडून सोनं चोरून मुंबईच्या किनाऱ्यावर यायचं, त्याचे पैसे रुपयांच्या नोटांत चुकते व्हायचे, त्या नोटा आखातात जायच्या आणि तिथल्या बँकांमार्फत परत येऊन रिझर्व्ह बँकेकडे त्यांच्या बदल्यात पौंड मागायच्या. तिजोरीला लागलेलं हे भोक बुजवायला १९५९ साली आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, आकड्याआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या नोटा काढल्या. हजच्या यात्रेकरूंसाठी ‘एचए’ अक्षरांच्या निराळ्या नोटा. भारतात त्या चालत नसत. पुढे कुवेतने १९६१ साली, बहारीनने १९६५ साली स्वतःचं चलन आणलं आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर बाकीच्यांनीही आपला रुपया सोडला. सरहद्दीवर माणसांची झडती घेण्याऐवजी सरकारने नोटच बदलली! मला हा उपाय आवडतो. यात्रेकरूवर संशय घेण्यापेक्षा त्याच्या हाती त्याच्या कामापुरती नोट देणं, यात माणसाची कदर आहे.

१९९१ मध्ये देशावर अशी वेळ आली की रिझर्व्ह बँकेला जवळपास ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला धाडून गहाण ठेवावं लागलं. त्या धक्क्यातून धोरण बदललं. फेरा गेला, १ जून २००० पासून परकी चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा आला. नावातला फरक एका अक्षराचा, पण कायद्याची जात बदलली. फौजदारीचा दिवाणी झाला. आज फेमाखाली बेकायदा रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होतो, पण केवळ चलन जवळ सापडलं म्हणून माणसाला उचलून तुरुंगात टाकण्याचा तो जुना बाणा त्यात नाही. सीमाशुल्क कायद्याची कलमं मात्र वेगळी आहेत आणि कडक आहेत, हेही लक्षात असू द्या. २००४ पासून तर इथल्या रहिवाशाला आपल्या उत्पन्नातून परदेशी पैसे पाठवण्याची रीतसर वाट खुली झाली. सुरुवातीला वर्षाला पंचवीस हजार डॉलर, आता अडीच लाख. ज्या देशाने एकेकाळी आठ डॉलर मोजून दिले, तो देश आज अडीच लाखांपर्यंत ‘पाठवा, फक्त बँकेतून पाठवा’ म्हणतो आहे.

मग आता रोकड जाहीर करायची कशाला? कारण भीतीच बदलली आहे. फेराच्या काळात सरकारला भीती होती पैसा बाहेर जाण्याची. आजची भीती आहे बिननावाच्या पैशाची. अमली पदार्थांचा पैसा, दहशतवादाचा पैसा, लाचेचा पैसा. बँकेतून गेला तर त्याचा माग राहतो, म्हणून तो पिशवीतून जातो. असा पैसा रोखण्यासाठी १९८९ साली सात मोठ्या देशांनी पॅरिसला एफएटीएफ ही संस्था काढली. रोख वाहून नेणाऱ्यांबद्दलची खास शिफारस तिने २००४ साली केली, आणि भारत २०१० मध्ये तिचा सदस्य झाला. नाक्यावरचा प्रश्न म्हणूनच बदलला. पूर्वी ‘किती नेताय?’ एवढंच विचारायचे. आता विचारतात: कुणाचे, कुठून आणले, कशासाठी?

म्हणून एक कळकळीची विनंती करतो. ‘तुम्ही चाललाच आहात, तर हे एवढं पाकीट आमच्या बंडूला द्या’ हे आपल्याकडचं प्रेमाचं वाक्य आहे. पाकीट घेऊ नका. नात्यातल्याचं असलं तरी घेऊ नका. ते पाकीट तुमच्याजवळ सापडलं की कायद्याच्या लेखी वाहणारे तुम्ही असता, आणि त्यातले पैसे कुठून आले हे तुम्हाला सांगता येत नसतं. बंडूला बँकेतून पाठवता येतात.

आता तिसरा मुद्दा. सांगितल्याने माझा काय फायदा?

मोठा फायदा आहे. जाहीरपत्राला लोक कबुलीजबाब समजतात. मी त्याला ढाल समजतो. याचं एक घरगुती उदाहरण मी देईन: पावसाळ्याआधी शेतीची हद्द मोजून घेणारा शेतकरी भावाशी भांडत नसतो, पुढचं भांडण टाळत असतो.

समजा तुमचा मुलगा अमेरिकेहून जमिनीच्या व्यवहारासाठी आठ हजार डॉलरच्या नोटा घेऊन आला. जाहीर केल्या नाहीत. व्यवहार फिसकटला. आता? बँकेत भरायला गेला तर बँक पाच हजारांवरच्या नोटांसाठी विमानतळाचं जाहीरपत्र मागते. परत न्यायला निघाला तर अधिकारी विचारतो, आणलेले कशावरून? परदेशी राहणाऱ्याला न वापरलेलं चलन परत नेता येतं ते आणल्याच्या पुराव्यावर. एका फॉर्मअभावी त्याचे स्वतःचे डॉलर त्याच्याच देशात कोंडले गेले. तोच फॉर्म उतरल्यावर पाच मिनिटांत भरला असता, तर एक पैसा कर लागला नसता. हे पुन्हा सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की जाहीर केलं म्हणजे कर लागला. चलन जाहीर करण्याला कर नाही. शुल्क नाही. फी नाही.

नोटाबंदीचे दिवस आठवा. ८ नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. त्या वेळी परदेशात असलेल्या भारतीयांना थोडी मुदत मिळाली. इथले रहिवासी तेव्हा बाहेर गेलेले असतील तर ३१ मार्च २०१७ पर्यंत, परदेशस्थ भारतीयांना ३० जून २०१७ पर्यंत. परदेशस्थांसाठी अट काय होती? विमानतळावर लाल, म्हणजे जाहीर करण्याच्या मार्गिकेतून जाऊन जुन्या नोटा सीमाशुल्काला दाखवायच्या, जाहीरपत्रावर शिक्का घ्यायचा, आणि तो कागद घेऊन रिझर्व्ह बँकेच्या मोजक्या कार्यालयांत जायचं. आपल्या राज्यात मुंबई आणि नागपूर. मर्यादा माणशी पंचवीस हजार. ज्यांच्याकडे शिक्का होता त्यांच्या नोटांना किंमत होती. जे नेहमीच्या सवयीने हिरव्या मार्गिकेतून झरझर बाहेर पडले, त्यांच्या हातात नुसता कागद उरला. नोटेवर गव्हर्नरांची सही होती, वचन होतं. पण त्या दिवसांत त्या वचनापेक्षा सीमाशुल्काचा शिक्का भारी ठरला.

आता अमेरिकेतला एक खटला सांगतो, कारण त्यात नागरिकाची चूक आणि राज्याची चूक दोन्ही एकत्र दिसतात. १९९४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बजाकाजियन नावाचा एक गृहस्थ बायको आणि दोन मुलींसह सायप्रसला निघाला होता. जन्माने आर्मेनियन, वाढलेला सीरियात. विचारलं तेव्हा त्याने पंधरा हजार डॉलर सांगितले. झडतीत निघाले ३,५७,१४४. सरकारने म्हटलं, सगळे जप्त. न्यायालयात काय आढळलं? पैसा कायदेशीर कमाईचा, आणि तो न्यायचा होता तोही कायदेशीर देणं फेडायला. मग त्याने लपवले का? सीरियात अल्पसंख्य म्हणून वाढलेल्या त्या माणसाच्या मनात सरकारी माणसाबद्दल खोल अविश्वास होता. ऐकताना तुम्हाला आपलं करोडगिरीचं नाकं आठवलं असेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: न सांगणं हा गुन्हा आहेच, पण त्यासाठी माणसाचं सर्वस्व घेणं गुन्ह्याच्या मानाने अतोनात आहे आणि म्हणून घटनाबाह्य आहे. त्याची आर्थिक शिक्षा पंधरा हजारांची जप्ती आणि पाच हजारांचा दंड यावर थांबली. त्यानंतर २००१ मध्ये तिथल्या संसदेने रोकड लपवून नेण्यालाच वेगळा गुन्हा ठरवलं, त्यामुळे आज कुणी या निकालाच्या भरवशावर राहू नये. पण न्यायमूर्तींनी विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसतं न सांगण्याची किंमत किती असावी?

इथून मी राज्याकडे वळतो. नागरिकाने सांगावं, असं मी इतका वेळ म्हणत आलो. मग राज्याने काय करावं?

पहिलं, आमच्या भाषेत विचारावं. मुंबईच्या विमानतळावर पहाटे उतरलेली, इंग्रजी न येणारी अकोले-संगमनेरची आजी लाल मार्गिका कोणती, हिरवी कोणती, हे पाटीवरून ओळखू शकते का? विमानातच आणि पट्ट्यावर सामान येईपर्यंतच्या वेळात तिला मराठीतून, मोठ्या अक्षरांत, दोन आकडे सांगता येत नाहीत का? सरकारने २०१९ मध्ये अतिथी नावाचं मोबाइल ॲप काढलं. सामान आणि चलन आधीच जाहीर करता येतं. चांगली सोय. पण ज्याला ती सर्वांत जास्त लागते, त्याच्यापर्यंत ती पोहोचलेली नाही.

दुसरं, आकडे वेळेवर बदलावेत. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यात मर्यादा पाच हजार डॉलर होती, १९८४ मध्ये ती दहा हजार झाली, आणि आजही दहा हजारच आहे. चाळीस वर्षांत दूध, घर, शिक्षण कुठून कुठे गेलं? रेघ जागेवरच राहिली तर तिच्या पलीकडे सामान्य माणसंच जास्त सापडू लागतात.

तिसरं, शिक्षा चुकीच्या मापाची असावी. आपल्या सीमाशुल्क कायद्यात त्याची सोय आहे. कलम १२५ खाली अधिकारी जप्त मालावर दंड घेऊन तो सोडू शकतो. कलम १०२ खाली झडतीआधी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी तुम्ही करू शकता. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर समजावून मागा. हे हक्क कायद्याने दिलेले आहेत, कुणा अधिकाऱ्याच्या मेहेरबानीचे नाहीत. आणि मी हेही अनुभवाने सांगतो की सरळ येऊन ‘साहेब, माझ्याजवळ इतके आहेत, कुठे लिहू?’ असं विचारणाऱ्याला चांगली वागणूक देणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. अडचण होते ती सामान उघडल्यावर बोलणाऱ्याची. काउंटरच्या अलीकडे उच्चारलेलं वाक्य निवेदन असतं, पलीकडे उच्चारलेलं तेच वाक्य बचाव होतं.

हे मागणं आपल्या दारापर्यंतही येतं. शिर्डीजवळच्या काकडीच्या विमानतळावरून १ ऑक्टोबर २०१७ पासून विमानं उडतात. साईबाबांच्या दर्शनाला जगभरातून माणसं येतात. उद्या तिथून परदेशी उड्डाणं सुरू झाली तर सीमाशुल्काचं नाकं आपल्या तालुक्याच्या शिवेवर येईल. ते आलं तर पहिल्या दिवसापासून तिथे मराठी पाटी, मराठी फॉर्म आणि मराठीत समजावणारा माणूस असावा, अशी मागणी आत्ताच, या सभेतून करायला काय हरकत आहे? मी मसुदा करून द्यायला तयार आहे.

वेळ संपत आला. प्रश्न घेऊ. त्याआधी नेपाळचा मुद्दा, कारण बाहेर भेटलेल्या काही जणांची बस येत्या आठवड्यात निघते आहे. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. पुढे दोन्ही बाजूंच्या नियमांत बदल होत आले आहेत. तेव्हा निघण्यापूर्वी बँकेत विचारा, शंभराच्या नोटांची पुडकी आधीच करून घ्या, आणि सगळ्या यात्रेकरूंचे पैसे एकट्या आचाऱ्याच्या किंवा व्यवस्थापकाच्या पेटीत ठेवू नका. प्रत्येकाचे प्रत्येकाजवळ असू द्या. ज्यांना यावर विचारायचं आहे त्यांचे प्रश्न आधी घेऊ.